हिताचं खोटं : तंजावर, देवीची लस आणि रुग्णाचा विश्वास



आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही आणि तोफखानाही नाही. गेल्या काही भागांना सरावलेले श्रोते म्हणतील, कर्नलसाहेबांची गाडी आज रूळ सोडून कुठे चालली? गाडी तंजावरलाच चालली आहे. विषय मात्र दवाखान्याचा आहे.

सुरुवात माझ्या दंडापासून करतो. माझ्या डाव्या दंडावर दोन गोल व्रण आहेत. साठीच्या पुढच्या बहुतेकांच्या दंडावर ते सापडतील. शाळेत एक माणूस पेटी घेऊन यायचा, आम्ही त्याला ‘देवीचा डॉक्टर’ म्हणायचो. तो दिसला की निम्मा वर्ग खिडकीतून पसार. मास्तर पकडून आणायचे, दोघं जण हात धरायचे आणि तो टोचायचा. कुणी आम्हाला विचारलं नाही, आमच्या आईवडिलांनाही विचारलं नाही. आणि १९७५ नंतर भारतातून देवीचा रोग गेला, १९८० मध्ये जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. माझ्या मुलांच्या दंडावर तो व्रण नाही, कारण त्यांना त्याची गरजच पडली नाही.

आता प्रश्न असा. आमच्यावर झाली ती जबरदस्ती होती, पण तिच्यामुळे मुलं वाचली. मग ती योग्य होती का? आणि जबरदस्तीऐवजी थाप मारून टोचलं असतं, तर ते जास्त चांगलं झालं असतं की जास्त वाईट? वैद्यकात हा वाद फार जुना आहे. एक पक्ष म्हणतो, रुग्णाचं भलं झालं की झालं, त्याला काय सांगायचं ते वैद्याने ठरवावं. दुसरा पक्ष म्हणतो, शरीर रुग्णाचं आहे, त्याला खरं कळलंच पाहिजे आणि ‘नाही’ म्हणायचा अधिकारही असला पाहिजे.

मी या वादात तटस्थ नाही. का नाही, तेही सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकात मी मेजर होतो आणि उत्तरेच्या सीमेवर माझी कंपनी होती. एका सकाळी गस्तीवरच्या एका जवानाचा पाय भूसुरुंगावर पडला. पोरगा कोल्हापूरकडचा. मी पोहोचलो तेव्हा नर्सिंग असिस्टंट पट्टी बांधत होता. त्याने माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. घोट्याच्या खाली वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते मलाही दिसत होतं. पोराने माझी बाही धरली आणि विचारलं, “सायेब, पाय ऱ्हाईल न्हवं?”

मी म्हणालो, “राहील रे. काही होत नाही.”

हेलिकॉप्टर आलं, त्याला घेऊन गेलं. संध्याकाळी पाय कापल्याचा निरोप आला. त्यानंतर मी त्याला भेटलो तेव्हा तो काय म्हणाला, ते शेवटी सांगतो. आधी तंजावर.

मंडळी, महाराष्ट्राबाहेर मराठी राज्यं अनेक झाली, पण तंजावरचं घराणं निराळं. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात कावेरीच्या त्या सुपीक मुलखात गादी स्थापली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. आजही तंजावरला गेलात तर बृहदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला दिसतो. तो १८०३ चा लेख आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चोळांच्या दगडावरची आपली देवनागरी अक्षरं बोटाने चाचपून पाहिली होती.

तो लेख कोरून घेणारे राजे म्हणजे दुसरे सरफोजी. जन्म १७७७, मृत्यू १८३२. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतलं. तुळजाजी वारल्यावर गादीचा तंटा सुरू झाला, आणि या मुलाला सांभाळलं, शिकवलं ते श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी कंपनीने तह करून राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, आजूबाजूचा थोडा भाग, ठरलेली रक्कम आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

मी सैनिक आहे, म्हणून मला हे जास्त लागतं. फौज नसलेला भोसले. त्या काळात असे अनेक राजे पेन्शनीत बुडाले. सरफोजींनी मात्र पुस्तकं जमवली, छापखाना काढला. १८०६ मध्ये त्या छापखान्यातून ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी पुस्तक बाहेर पडलं, म्हणजे पुण्यामुंबईच्या कितीतरी आधी. आज आपण ज्याला सरस्वती महाल ग्रंथालय म्हणतो, त्याचं वैभव त्यांनी वाढवलं. आणि त्यांनी धन्वंतरी महाल काढला. तो औषधशाळाही होता आणि अभ्यासाची जागाही.

धन्वंतरी महालाकडे वळण्याआधी मी तुम्हाला गावाबाहेर नेतो. तंजावरहून थोड्या अंतरावर पुन्नैनल्लूर आहे. तिथे मारिअम्मनचं देऊळ आहे, भोसल्यांनी उभारलेलं आणि वाढवलेलं. तिथली कथा अशी सांगतात की तुळजाराजांच्या मुलीची दृष्टी आजारपणात गेली आणि देवीच्या दारी ती परत आली. कथा खरी की खोटी हा माझा विषय नाही. पण कथेमागचं दुखणं पूर्ण खरं आहे. देवीच्या रोगात जे जगायचे, त्यांतल्या अनेकांचे डोळे जायचे. तमिळ माणसाची मारिअम्मन, आपली देवी. रोगाचंच नाव देवी. म्हणजे अंगावर फोड आले की देवी अंगात आली. तिला घालवायचं नाही, शांत करायचं. अशा घरात कुणी परका माणूस सुरी घेऊन आला आणि म्हणाला, ‘गाईच्या फोडातलं पाणी तुमच्या पोराच्या दंडात घालतो,’ तर आई काय म्हणेल?

हा प्रश्न १८०२ मध्ये खरोखर उभा राहिला. इंग्लंडच्या जेन्नरने गोस्तनाच्या देवीपासून लस काढली आणि १७९८ मध्ये तिच्यावर पुस्तक छापलं. पण ती हिंदुस्थानात आणायची कशी? बर्फ नाही, शीतपेटी नाही. वाटेत लस मरायची. म्हणून ती जिवंत माणसांच्या अंगातून आणली. एका मुलाला टोचायचं, आठवड्याने त्याच्या दंडावर फोड आला की त्यातलं पाणी काढून दुसऱ्याला टोचायचं, मग तिसऱ्याला. बगदाद, बसरा असं करत ती मुंबईत पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. तिच्या दंडावरून पाच मुलांना टोचलं, आणि तिथून ती देशभर गेली.

या साखळीतली प्रत्येक कडी म्हणजे एक मूल होतं, हे आपण विसरतो. स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये अमेरिकेकडे लस पाठवली तेव्हा जहाजावर बावीस अनाथ मुलं चढवली होती. अनाथच का? कारण त्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणायला कुणी नव्हतं. आपल्याकडेही दंड पुढे करायला लागला तो बहुधा गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांना. आणि गंमत पाहा, वरच्या जातीची मंडळी लस घ्यायला नाही म्हणाली, त्याचं एक कारण हेच होतं, की कुणाच्या अंगातलं पाणी आपल्या अंगात येणार. ज्याच्या दंडाने गाव वाचायचं, त्याच्याच दंडाचा विटाळ.

आता मद्रासकडे या. तिथे फ्रान्सिस व्हाइट एलिस नावाचा कंपनीचा अधिकारी होता. साधा माणूस नव्हे. तमिळ, तेलुगू, कन्नड ही संस्कृतपासून निघालेली नसून वेगळ्या कुळातल्या भाषा आहेत, हे १८१६ मध्ये मांडणारा हाच. लोक लस घेत नाहीत हे त्याने पाहिलं आणि एक युक्ती केली. त्याने तमिळमध्ये एक आख्यान रचलं. त्यात देवी आणि धन्वंतरी यांचा संवाद आहे आणि गोस्तनाची देवी हे गाईने माणसाला दिलेलं आणखी एक दान आहे, असं सांगितलं आहे. म्हणजे ही लस साहेबाची नाही, ती आपल्याच गोमातेची आणि आपल्याच शास्त्रातली आहे, असं लोकांना वाटावं. पुढे १८१९ मध्ये मद्रासच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात संस्कृत श्लोकही झळकले. गाईच्या आचळावरच्या फोडातलं पाणी शस्त्राच्या टोकावर घेऊन दंडात कसं घालावं, हे त्यांत तपशिलाने सांगितलं होतं. हे श्लोक धन्वंतरीच्या नावावर होते.

ते प्राचीन नव्हते. डॉमिनिक वुजास्टिक या संस्कृत विद्येच्या अभ्यासकाने १९८७ मध्ये हे सगळं प्रकरण तपासलं. आपल्या लेखाला त्याने जे नाव दिलं, त्याचा मराठीत अर्थ होतो ‘पुण्यशील लबाडी’.

एलिसला मी खलनायक करणार नाही. त्याची बाजू नीट ऐकून घेऊ. रोगाने मुलं मरत होती, वाचली तर आंधळी होत होती. समजावून सांगायला वेळ नव्हता, भाषा नव्हती आणि परक्या सरकारवर कुणाचा विश्वास नव्हता. एका गोष्टीने जर एका आईने पोराचा दंड पुढे केला, तर ती गोष्ट खोटी असली म्हणून काय बिघडलं? आपण लहान मुलाला कडू औषध देताना ‘गोड आहे’ म्हणतोच की. हा युक्तिवाद कमजोर नाही. मी त्या पहाटे पोराला ‘पाय राहील’ म्हणालो, तेव्हा मी एलिसच्याच पक्षात उभा होतो.

आणि या पक्षात मोठमोठी माणसं आहेत. आपल्या चरकसंहितेत विमानस्थानात वैद्याला उपदेश आहे की रुग्णाचं आयुष्य संपत आल्याचं कळलं, तरी जिथे सांगितल्याने त्याला किंवा इतरांना धक्का बसेल, तिथे ते बोलू नये. तिकडे मँचेस्टरच्या डॉक्टर पर्सिव्हलने १८०३ मध्ये, म्हणजे तंजावरचा शिलालेख कोरला जात होता त्याच वर्षी, वैद्यकीय नीतीवर ग्रंथ छापला. त्यानेही साधारण हेच म्हटलं, की डॉक्टरने आशा द्यावी, अशुभ भाकितं करू नयेत. उलट त्याच इंग्लंडात डॉक्टर जॉन्सन, तो कोशकार, ठणकावून सांगायचा की घाबरेल म्हणून आजारी माणसाशी खोटं बोलण्याचा अधिकार कुणालाही नाही. म्हणजे हा वाद पूर्व आणि पश्चिम असा नाही. दोन्हीकडे दोन्ही पक्ष आहेत. ‘आपल्याकडे सगळं सांगायची पद्धत नाही, ते विलायती खूळ’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग एलिसच्या युक्तीत चूक काय? पुढे जे झालं ते पाहा. ते श्लोक युरोपात गेले, तिथल्या विद्वानांनी खरे मानून उद्धृत केले. एकाचं वाचून दुसऱ्याने छापलं. आजही अधूनमधून कुणी तरी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं की जेन्नरच्या हजारो वर्षं आधी धन्वंतरीने गोस्तनाची लस सांगितली होती, अभिमान असेल तर पुढे पाठवा. साहेबाने रचलेली थाप साहेबाच्या नातवंडांनी सोडली, पण आपण छातीशी धरून बसलो आहोत. थापेचा स्वभावच असा. तिचं काम झालं म्हणून ती परत बरॅकमध्ये जात नाही. आणि ती उघडी पडली की तिच्याबरोबर खरी गोष्टही बदनाम होते. त्या काळच्या माणसाच्या मनाने विचार करा. ज्याने शास्त्राच्या नावाने मला फसवलं, त्याच्या लसीवर तरी मी का विश्वास ठेवू?

त्याच मुलखात, त्याच दशकांत, तंजावरला दुसरी पद्धत दिसते. धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि विलायती, चारही वैद्यकांचे जाणकार होते. गुण येणाऱ्या औषधांच्या कृती राजांनी कवींकडून तमिळ पद्यांत बांधून घेतल्या. त्यांना ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ म्हणतात. सरभेंद्र म्हणजे सरफोजीच. डोळ्यांचे विकार, विषबाधा, गर्भिणी आणि बालकांचे आजार, अशी त्यांची वेगवेगळी प्रकरणं आहेत. मराठी राजाने औषधाची कृती तमिळमध्ये का लिहवली? कारण ज्याला ती घ्यायची होती तो तमिळ होता. त्याला ती वाचता यावी, पाठ करता यावी, पडताळता यावी. माझ्या मते इथेच मुद्दा आहे.

आणि डोळे. राजांना नेत्रशस्त्रक्रियेचं विलक्षण वेड होतं. बरोबर शस्त्रांची पेटी बाळगायचे, मोतीबिंदू काढायचे, असं सांगितलं जातं. सरस्वती महालात त्या काळच्या नेत्ररुग्णांचे इंग्रजीत लिहिलेले केसपेपर आहेत. २००३ च्या सुमारास चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांचं लक्ष त्यांकडे गेलं आणि त्यांनी त्यांचा अभ्यास केला. रुग्णाची तक्रार काय, तपासणीत काय दिसलं, काय उपचार केले, पुढे काय झालं, आणि काहींबरोबर त्या डोळ्याचं रंगीत चित्र. भूल देण्याचा शोध अजून लागायचा होता. १८४० च्या दशकाच्या आधी डोळ्याला शस्त्र लावणं म्हणजे रुग्ण पूर्ण जागा असताना लावणं. त्या माणसाने हलायचं नाही, एवढा त्याचा भरवसा हवा.

मंडळी, फौजेत आम्ही प्रत्येक कारवाईनंतर अहवाल लिहितो. जिंकलो तरी आणि हरलो तरी. हरलेला अहवाल लिहिताना हात जड होतो. पण जो अधिकारी तो प्रामाणिकपणे लिहितो, त्याच्या पुढच्या योजनेवर जवान विश्वास ठेवतात. केसपेपर म्हणजे तेच आहे. वैद्य स्वतःवर ठेवतो तो पहारा.

आता कुणी विचारेल, आणि विचारावंच, की राजे स्वतः समोर उभे असताना कुठला रयतेतला माणूस ‘नको’ म्हणणार होता? अगदी बरोबर. राजाच्या दवाखान्यातली संमती ही पूर्ण संमती नसते, हे मी मान्य करतो. आजच्या मोजपट्टीने सरफोजींना मोजलं तर ते शंभरात शंभर मिळवणार नाहीत. शिवाय त्यांचे रुग्ण मोजके होते. एलिसला अख्खा प्रांत टोचायचा होता. एका माणसाशी बोलता येतं, लाखाशी कसं बोलणार? हा फरक मी लपवत नाही.

पण सरफोजींचं एक पत्र मला फार मोलाचं वाटतं. १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला त्यांनी छत्रांबद्दल लिहिलं. छत्र म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरच्या धर्मशाळा. राज्य घेतलंत ते घेतलंत, पण ही छत्रं माझ्याकडे राहू द्या, अशी त्यांची विनवणी होती. त्यात ते सांगतात की इथे ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यापर्यंत सगळ्या जातींच्या वाटसरूंना अन्न मिळतं. वाटेत कुणी आजारी पडला तर वैद्य, औषध आणि पथ्याचं जेवण देऊन बरा होईपर्यंत ठेवून घेतात. गरोदर बाईचं बाळंतपण होतं, अनाथ मुलं वाढवली जातात, आणि मेला तर ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार होतो. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र उभं राहिलं. आता स्पॅनिश जहाजावरची ती बावीस अनाथ मुलं आठवा आणि छत्रात वाढणारी ही मुलं आठवा. वैद्यकाची नीती इथूनच सुरू होते. रुग्णाचा मी काय उपयोग करतो, हा एक प्रश्न. त्याच्यासाठी मी काय करतो, हा दुसरा.

तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये संगमरवरी शिल्प आहे. लंडनच्या फ्लॅक्समनने घडवलेलं. मरणपंथाला लागलेला म्हातारा श्वार्ट्झ अंथरुणावर आहे आणि तरुण सरफोजी त्याचा हात हातात घेऊन शेजारी आहेत. राजा धर्माने हिंदूच राहिला, गुरूने त्याला ख्रिस्ती करण्याचा हट्ट धरला नाही, आणि शेवटच्या आजारपणात शिष्य त्याच्या भेटीला आला. त्या शिल्पापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. मरणाऱ्या माणसापाशी नेमकं काय करायचं असतं, ते त्यात दिसतं.

आतापर्यंत थाप आणि नोंद यांचं बोललो. तिसरा रस्ता हुकमाचा. तो आपल्या घरचाच आहे, १८९७ चा पुण्याचा प्लेग. प्लेग कमिशनर रँडने घरं तपासायला गोरे सोल्जर धाडले. घरात घुसणं, बायकांची तपासणी, सामान बाहेर काढून जाळणं. रोग खरा होता आणि रुग्णांना वेगळं ठेवण्याची गरजही खरी होती. पण लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली, आणि २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सैनिक म्हणून मी सांगतो, सोल्जरला दारावर लाथ मारायला शिकवतात, नाडी बघायला शिकवत नाहीत. त्याला त्या कामावर धाडणं हाच मुळात चुकीचा हुकूम होता.

त्याच प्लेगमध्ये, त्याच पुण्यात, सैन्यातच नोकरी करणारा एक डॉक्टर रुग्णांसाठी दवाखाना चालवत होता. सावित्रीबाई फुल्यांचा दत्तक मुलगा यशवंत. सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवरून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिनने प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. म्हैसूरच्या राण्यांचं १८०५ च्या सुमाराचं एक चित्र आहे. त्यात एक राणी पदर सारून दंड दाखवते आहे, आणि ते लस घेतल्याचं जाहीर करण्यासाठी काढलं असावं, असं अलीकडच्या अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे लाखो लोकांशी बोलायचा मार्ग थाप आणि लाथ या दोहोंपलीकडेही होता. आधी स्वतःचा दंड पुढे करायचा. फौजेत आम्ही याला वेगळं नाव देत नाही. अधिकारी पुढे चालतो, एवढंच म्हणतो.

आज कायदा कुठे आहे? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका महिलेचा खटला आला होता. तपासणीसाठी भूल दिलेली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. न्यायालयाने सांगितलं की सज्ञान रुग्णाच्या वतीने आईची संमती चालणार नाही. जीव धोक्यात नव्हता, म्हणून ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आणि मे २०२२ मध्ये कोविडच्या लसीबद्दल न्यायालय म्हणालं की कुणावर लस लादता येणार नाही, मात्र सर्वांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं. दोन्ही पक्षांचं थोडं थोडं राखून काढलेला हा मार्ग आहे. देवीचा डॉक्टर आज माझा हात तसा धरू शकणार नाही. आणि तरीही मी त्याचा ऋणी आहे, हेही खरं.

पण कायदा दवाखान्याच्या दाराशी थांबतो. आत, खाटेपाशी, आपणच असतो. आपल्या घरांतून काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाबांना सांगू नका, खचतील. आईला अल्सर म्हणा. डॉक्टर रिपोर्ट मुलाच्या हातात देतात आणि ज्याचा रिपोर्ट तो बाहेर बाकावर बसलेला असतो. हेतू चांगलाच असतो. एलिसचाही होता.

आता त्या पोराचं राहिलेलं सांगतो. चार-साडेचार महिन्यांनी मी त्याला रुग्णालयात भेटायला गेलो. नवा पाय बसवला होता, कठड्याला धरून चालत होता. मला पाहून त्याने कडक सॅल्यूट केला. मी म्हणालो, “त्या दिवशी तुला खोटं बोललो रे.”

तो थोडा थांबला. मग म्हणाला, “तवा बरं वाटलं, सायेब. पर हितं आल्यावर डाक्टर काय बी म्हणालं तरी मला खरं वाटंना. ते म्हणायचे, दुसरा पाय चांगला हाय. मला वाटायचं, ह्यो बी जाणार. म्हैनाभर झोप न्हाई लागली.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट त्याने मला चहा पाजला. पण मी परत येताना हिशेब केला. माझ्या खोट्याने त्याला हेलिकॉप्टर येईपर्यंतचा एक तास मिळाला, आणि त्याच्या बदल्यात झोपेविना एक महिना गेला. त्याला जे खरोखर खरं होतं, म्हणजे दुसरा पाय सुरक्षित आहे, तेही माझ्या खोट्याने खोटं करून टाकलं.

मग मी काय म्हणायला हवं होतं? रक्त वाहत असलेल्या पोराला ‘पाय गेला’ असं तोंडावर फेकायला हवं होतं का? नाही. चरकाच्या उपदेशात तथ्य आहे, प्रत्येक खरी गोष्ट प्रत्येक घटकेला बोलायची नसते. गप्प राहणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. मी म्हणू शकलो असतो, “पायाचं डॉक्टर बघतील, तू जगणार आहेस आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत मी इथून हलत नाही.” हे तिन्ही खरं होतं. फक्त तेवढं मला सुचलं नाही, कारण त्याच्या डोळ्यांतली भीती मलाच सोसत नव्हती. खोटं मी त्याच्यासाठी बोललो असं मी कित्येक वर्षं समजत होतो. ते अर्धं तरी माझ्यासाठी होतं.

तंजावरहून आल्यावर मी घरी बायकोमुलांना बसवून एक गोष्ट सांगितली. माझा रिपोर्ट आधी माझ्या हातात द्यायचा. बरा असो, वाईट असो. मला धीर द्यायचा असेल तर सरफोजींसारखा हात धरून बसा, धन्वंतरीच्या नावाने श्लोक रचू नका. मुलगी हसली. बायको म्हणाली, “आणि माझा रिपोर्ट आला तर तुम्ही मला सांगाल का?”

मी लगेच ‘हो’ म्हणालो नाही. थोडा वेळ लागला. मग म्हणालो.

तुमच्या घरी हे बोलणं झालं नसेल तर करून घ्या, सगळे धडधाकट आहेत तोवर. आणि तंजावरला गेलात तर मोठं देऊळ बघाच, पण सरस्वती महाल आणि ते चर्चही चुकवू नका.

पुढच्या भागात पुन्हा किल्ल्याकडे वळू. तंजावरच्याच किनाऱ्यावर नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून सरफोजींनी मनोरा बांधला, त्याची गोष्ट. तोवर काळजी घ्या.

जय हिंद.